'आनंद ओवरी' आणि आमचे घर

आवडता कादंबरीकार कोण, असे कोणी विचारले की आम्ही दि. बा. मोकाशी हे नाव घेतो आणि क्षणभर थांबतो. थांबण्याचे कारण असे, की ऐकणाऱ्याचा चेहरा बहुधा दोहोंपैकी एका प्रकारचा होतो. एक तर तो आनंदाने जवळ सरकून बसतो, नाही तर "त्यांच्या कादंबरीत घडते तरी काय हो?" असे विचारून विषय बदलतो. मोकाशी थोडेसे आवडतात, असा वाचक आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. इतक्या हलक्या आवाजात बोलणाऱ्या लेखकावरून माणसांत एवढे मतभेद का व्हावेत, याचा विचार आम्ही पुष्कळ वर्षे केला. त्या विचारात आमच्या घरातील एक जुने दुःखही मिसळलेले आहे. या त्रैमासिकाचे वाचक घरचेच आहेत, म्हणून ते येथे सांगण्यास संकोच वाटत नाही.

दिगंबर बाळकृष्ण मोकाशी १९१५ साली उरण येथे जन्मले आणि १९८१ साली निवर्तले. त्यांचे आयुष्य पुण्यात गेले. उपजीविकेसाठी ते रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करीत. 'लामणदिवा', 'आमोद सुनांसि आले' हे कथासंग्रह, 'देव चालले' ही कादंबरी आणि १९६४ सालचे 'पालखी' हे वारीचे प्रवासवर्णन यांमुळे जाणकारांत त्यांचे नाव झाले, तरी दुकानांच्या दर्शनी फळीवर त्यांची पुस्तके क्वचितच दिसली. 'आनंद ओवरी' ही त्यांची कादंबरी १९७४ साली प्रसिद्ध झाली. आमचा आजचा विषय मुख्यत्वे तीच.

कादंबरीचा विषय दोन वाक्यांत सांगता येतो. तुकाराम महाराज देहूतून एकाएकी दिसेनासे झाले आहेत आणि त्यांचा धाकटा भाऊ कान्होबा त्यांचा शोध घेत आहे. शोध घेता घेता तो मागचे सारे आठवतो: दुकान, दुष्काळ, भावाचे वेड लागल्यासारखे विठ्ठलाकडे ओढले जाणे, भावजयीची फरफट, आणि या सगळ्यात आपण काय केले व काय करावयास हवे होते. सारी कादंबरी कान्होबाच्या तोंडून येते. संताचा भाऊ असणे म्हणजे काय, हा तिचा खरा प्रश्न आहे.

तुकोबांचा अंत हा महाराष्ट्राच्या मनातील हळवा विषय आहे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. इसवी सन १६५० च्या सुमारास, फाल्गुन वद्य द्वितीयेस ते सदेह वैकुंठास गेले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तो दिवस तुकाराम बीज म्हणून आजही देहूस मोठ्या भक्तिभावाने पाळला जातो. १९३६ साली प्रभात कंपनीने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. त्याच्या शेवटी विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा गरुडाच्या पाठीवरील विमानात बसून आकाशात जाताना दिसतात. त्या बोलपटाचा गौरव पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही झाला. दुसऱ्या बाजूस, तुकोबांचा घात झाला आणि वैकुंठगमनाची कथा त्यावर पांघरूण म्हणून रचली गेली, असे म्हणणारेही विसाव्या शतकात पुढे आले. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात आणि दोघांनाही निकाल हवा असतो.

मोकाशी निकाल देत नाहीत. त्यांच्या कान्होबाला विमान दिसत नाही आणि मारेकरीही सापडत नाहीत. त्याच्या वाट्यास येते ती भावाची रिकामी जागा. त्या जागेभोवती तो कादंबरीभर फिरत राहतो. एका पक्षाच्या वाचकास वाटते, की लेखकाने श्रद्धेचा घास काढून घेतला. दुसऱ्यास वाटते, की खरे बोलण्याचे धैर्य त्याला झाले नाही. तिसरा वाचक म्हणतो, इतकी पाने वाचून हाती काय आले?

हे तिन्ही वाचक आम्ही आमच्याच ओसरीत, एकाच संध्याकाळी पाहिले आहेत.

आमचे गाव धामणगाव रेल्वे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. त्या मार्गावरील बडनेरा आणि वर्धा या स्थानकांच्या दरम्यान आमचे स्टेशन आहे. गावाचे नाव घेताना पुढे 'रेल्वे' म्हणावे लागते, इतके ते स्टेशनाशी बांधलेले आहे. कापसाच्या दिवसांत गाड्यांची रांग, जिनांचा धूर व सरकीचा वास, आणि रात्रभर जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज ही आमच्या बालपणाची ओळख. येथे आपली ख्रिस्ती घरे मोजकीच होती. काही रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली, काही शिक्षकांची, एकदोन परिचारिकांची आणि दोनतीन आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या वऱ्हाडी बोलणारी. फादर बाहेरगावाहून येत. मिस्सा ठरलेल्या रविवारी होई. एरवी ऑक्टोबर महिन्यात पाळीपाळीने एकेका घरी जपमाळेची प्रार्थना होई आणि प्रार्थनेनंतर चहा घेता घेता काही तरी वाचावे, असा प्रघात पडला होता.

१९९० सालच्या ऑक्टोबरात आमच्या घरी पाळी आली तेव्हा आम्ही 'आनंद ओवरी'तील काही भाग वाचून दाखविला. ख्रिस्ती मंडळींपुढे तुकोबांची कादंबरी वाचण्यात आम्हांस काही वावगे वाटले नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले ते ओवीतच रचलेले होते. रेव्हरंड ना. वा. टिळक तर, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणत. शिवाय आम्ही वऱ्हाडचे. आमच्याच जिल्ह्यातील कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी शेकडो वर्षे पंढरपुरास जाते. शेजारपाजारची माणसे वारीस निघत तेव्हा आमची माय त्यांना वाटेसाठी दशम्या बांधून देई.

वाचन संपले आणि वाद सुरू झाला. एक वृद्ध सद्गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले, म्हणाले, "आपल्या प्रभूचे स्वर्गारोहण अकरा शिष्यांनी डोळ्यांनी पाहिले. हे पुस्तक तर कोणी काही पाहिलेच नाही म्हणते. श्रद्धेच्या माणसाने असली संशयाची पुस्तके वाचू नयेत." एक तरुण शिक्षक उसळून म्हणाले, "काका, संशय कुठे? हा लेखक धड संशयही घेत नाही. माणूस नाहीसा होतो म्हणजे कोणी तरी नाहीसा केलेला असतो. सरळ लिहावे तसे." शेजारच्या बाई कंटाळून म्हणाल्या, की भाऊ हरवला तर सापडेल तरी, नाही तर मेला तरी म्हणावे, मध्येच लोंबकळत ठेवलेली गोष्ट ती कसली?

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले मात्र आणि ओसरीत एकदम शांतता पसरली. आतल्या दारात आमच्या वहिनी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. बाईंच्या ध्यानात आपली चूक आली आणि त्या रडू लागल्या. वहिनींनी सर्वांस चहा दिला व त्या आत गेल्या.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही भाऊ म्हणत असू, १९८३ साली दिवाळीनंतर एका रात्री घरातून गेले, ते परत आले नाहीत.

भाऊंचे वय तेव्हा सदतीस होते. जिनात काट्यावर कापूस मोजून घेण्याचे काम ते करीत. वडील लवकर गेल्यामुळे आमचे शिक्षण, बहिणीचे लग्न, सारे त्यांनीच केले. आमचे लग्न झाल्यावर वर्षभरात, दोन चुली एका घरात नांदत नाहीत या नेहमीच्या कारणाने, आम्ही वाटणी मागितली. घर तीन खोल्यांचे आणि शेत चार एकर कोरडवाहू. भाऊंनी वाद घातला नाही. विहिरीकडची जमीन आणि रस्त्याकडच्या दोन खोल्या त्यांनी आम्हांस दिल्या, मुद्रांकाच्या कागदावर सही केली आणि पेन खिशास लावून कामावर गेले. पुढे तीनेक महिन्यांनी, बडनेऱ्यास जाऊन येतो, असे सांगून ते रात्रीच्या पॅसेंजरने गेले. स्टेशनावरील ओळखीच्या माणसाने त्यांना तिकीट घेताना पाहिले होते. तिकीट बडनेऱ्याचेच होते. त्यानंतर काही नाही.

आम्ही बडनेरा पाहिले, अमरावती पाहिली, भुसावळ आणि नागपूर पाहिले. रुग्णालये, धर्मशाळा, स्टेशनांचे फलाट पालथे घातले. पोलिसांत वर्दी दिली, वर्तमानपत्रांत छायाचित्र दिले. दोन वेळा, अमुक ठिकाणी पाहिले, असे निरोप आले आणि दोन्ही वेळा दुसराच कोणी निघाला. वाटणीमुळे ते गेले असे आमच्या तोंडावर कोणी म्हटले नाही. कोणी म्हणावयाची गरजही नव्हती.

'आनंद ओवरी' हे पुस्तक आमच्या हाती प्रथम १९८८ साली वाचनालयातून आले, ते केवळ योगायोगाने. दुसरे पुस्तक कोणी नेले होते म्हणून ग्रंथपालांनी हे पुढे केले. संतचरित्रांतून चालत आलेली एक गोष्ट आम्ही लहानपणी ऐकली होती. दुष्काळानंतर तुकोबांनी घरातील कर्जखते इंद्रायणीत बुडवावयाचे ठरविले, तेव्हा कान्होबाने आपला वाटा मागितला. अर्धी खते त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची अर्धी डोहात सोडली. कथा ऐकणाऱ्याचे लक्ष डोहाकडे असते. वाटा मागणाऱ्या धाकट्या भावाकडे कोणी पाहत नाही. संताच्या गोष्टीत तो हिशेबी संसारी माणूस म्हणून येतो आणि जातो. मोकाशींनी त्याच माणसाला बोलते केले. वाटा मागणारा भाऊ आता नदीकाठी उभा राहून हरवलेल्याला शोधतो आहे. हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवले आणि दोन दिवस उघडले नाही.

नंतर उघडले ते पूर्ण करण्यासाठीच. वाचनालयाची मुदत संपली, दंड भरला, पुन्हा नेले. कान्होबा भावाची पूजा करीत नाही आणि निंदाही करीत नाही. त्याला भावाचा राग येतो. घरदार, बायकापोरे टाकून देवाच्या मागे लागलेल्या माणसाचा राग त्याच्या घरातल्यांना येणारच. त्याला भावाची ओढही तितकीच आहे. राग आणि ओढ एकाच वेळी मनात असू शकतात, एकाने दुसरे खोटे ठरत नाही, ही गोष्ट आम्हांस कोणी सांगितली नव्हती. आमच्या मनातही भाऊंविषयी राग होता. न सांगता गेलात, आम्हांस एक शब्द बोलण्याची संधी दिली नाही, असा तो राग. तो आम्ही पापकबुलीतही कधी उच्चारला नव्हता, कारण ज्याचा आम्ही अपराध केला त्याच्यावरच रागावण्याचा आम्हांस अधिकार काय, असे वाटे. पुस्तक वाचल्यानंतर तो उच्चारता आला.

ऑक्टोबरच्या त्या वादाला आणखी एक धार होती. १९९० साली भाऊंना जाऊन सात वर्षे पूर्ण होत होती. सात वर्षे ज्याची खबर, ती ज्यांना सहज लागली असती अशा माणसांस लागलेली नाही, तो हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे १०८ वे कलम सांगत असे. २०२४ च्या जुलैपासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे आणि हीच तरतूद त्यात १११ व्या कलमात आहे. भाऊंच्या वाट्याची खोली आणि दोन एकर वहिनींच्या नावावर व्हावयाचे तर हा मार्ग धरावा, असे जाणत्या नातेवाइकांनी सुचविले होते. सूचना शहाणपणाची होती. पण त्यासाठी वहिनींना न्यायालयात उभे राहून आपला नवरा मेला असे धरावे, असे म्हणावे लागले असते.

त्यातच २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा स्मरणदिन जवळ आला. आपल्याकडे प्रत्येक घरून मृतांच्या नावांची यादी फादरांकडे जाते, हे वाचकांस माहीत आहेच. सहा वर्षे आम्ही वडिलांचे व आजोबा-आजींचे नाव लिहीत आलो होतो. त्या वर्षी आमचे काका म्हणाले, "आता त्याचंही लिहा. निदान त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना तरी होईन. नाही लिहिलं अन्‌ तो गेला असंन, तर त्याच्यासाठी कोणीच मागत नाही असं होईन." काकांचे म्हणणे दयेचे होते. माय खाटेवरून म्हणाली, "माह्या लेकराचं नाव मेलेल्यांत नोको लिहू. तो येईन." वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र होते आणि बोलण्याऐवजी त्यांनी ते एकदा मुठीत धरले.

कागद आमच्यापुढे होता. लिहावे तर मायला आणि वहिनींना आम्ही दुसऱ्यांदा लुटल्यासारखे होणार होते. न लिहावे तर काकांची भीती आमचीही होती. येथे निकाल हवा होता. निकालाशिवाय कसे जगावे हे घरात कोणालाच येत नव्हते. आणि निकाल न देणारे ते पुस्तक कोनाड्यात पडलेले होते.

फादर आले तेव्हा आम्ही त्यांना सारे सांगितले. त्यांनी विचारले, "तुम्हांला नक्की काय माहीत आहे?" आम्ही म्हटले, "नाव माहीत आहे. बाकी काही माहीत नाही." ते म्हणाले, "मग तेवढेच लिहा." ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेतील ९०१ वे कलम त्यांनी समजावून सांगितले. मिस्साबलिदान जिवंत वा मृत कोणाही माणसासाठी अर्पण करण्यास धर्मगुरू मोकळा आहे. भाऊंच्या नावाने त्यांनी वेगळी मिस्सा केली. वेदीवरून केवळ नाव उच्चारले. मागे 'कैलासवासी' नाही, 'यांच्या सुखरूपतेसाठी' नाही. माय आपल्या परीने ऐकत होती, काका आपल्या परीने. प्रार्थना कोठे पोहोचवावयाची हे परमेश्वरास माहीत असल्याने पत्ता चुकण्याची भीती नाही, असे फादर नंतर म्हणाले. त्या दिवशी प्रथमच घरात सर्वांनी एकत्र बसून जेवण केले.

आम्हांस वाटते, मोकाशी नेमके हेच करतात. आरोप असा आहे, की ते उत्तर टाळतात. टाळणे म्हणजे माहीत असून न सांगणे. मोकाशींचा कान्होबा माहीत नसून सांगत नाही. त्याला जेवढे माहीत आहे तेवढे तो शेवटच्या तपशिलापर्यंत सांगतो: भाऊ कसा बसे, कसा बोले, कशाने दुखावे, आपण त्याला केव्हा समजलो नाही. कोठे गेला, या प्रश्नाने शोध सुरू होतो आणि कोण होता, या प्रश्नाजवळ येतो. पहिल्याचे उत्तर मिळत नाही. दुसऱ्याचे उत्तर हळूहळू, पानापानांतून तयार होत जाते. ज्या वाचकाचे लक्ष पहिल्या प्रश्नावरच खिळलेले आहे त्याला वाटते की काहीच घडले नाही.

प्रभूच्या स्वर्गारोहणाचा दाखला देणाऱ्या त्या वृद्ध सद्गृहस्थांना आम्ही पुढे एकदा भेटून बोललो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात, वर पाहत उभ्या राहिलेल्या शिष्यांना शुभ्र वस्त्रांतील दोघांनी हटकले आणि मग ते यरुशलेमास, माडीवरच्या खोलीत परतले, याची आम्ही त्यांना आठवण दिली. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनाही अखेर घरीच यावे लागले. मागे राहिलेल्यांनी एकमेकांबरोबर कसे राहावे, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. कान्होबाचीही नजर आकाशाकडे कमी आणि घराकडे अधिक आहे. सद्गृहस्थ म्हणाले, "तुमचे म्हणणे पटते, पुस्तक पटत नाही." आम्ही हसलो. त्यांचे म्हणणे प्रामाणिक होते आणि त्यांच्या श्रद्धेला कान्होबाच्या अनिश्चिततेची गरज नव्हती. पुस्तके सर्वांसाठी नसतात. काही पुस्तके विशिष्ट दुखण्यावरचीच असतात.

या कादंबरीत उणे काही नाही, असा आमचा दावा नाही. तुकोबांच्या पत्नीचे सारे दुःख आपल्याला दिराच्या नजरेतून दिसते. ती स्वतः बोलली असती तर काय म्हणाली असती, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर उरतो. परंपरा सांगते, की पती दिसेनासे झाले तेव्हा ती गरोदर होती आणि नंतर जन्मलेल्या त्या मुलाने, नारायणबाबांनी, पुढे पालखीचा सोहळा सुरू केला. त्या बाईच्या तोंडून ही कथा कोणी लिहिली तर आम्ही अवश्य वाचू. आमच्या घरातही कान्होबाची भूमिका आमची होती आणि बोललो ते आम्हीच. वहिनी काय विचार करीत होत्या हे आम्ही अनेक वर्षे विचारलेच नाही. तसेच ख्रिस्ती वाचकास या कादंबरीत आशेचा उजेड थोडा मंद वाटेल, हेही मान्य केले पाहिजे. पुनरुत्थानाच्या श्रद्धेत वाढलेल्या माणसाला रिकामी कबर हा शेवट नसतो. मोकाशी आपल्याला तेथवर नेत नाहीत. मात्र कबरीजवळ रडत उभे राहण्याची, माग्दालियाची ती पहाटेची वेळ घाईने ओलांडू नये, हे ते शिकवितात.

ज्यांना आशा हवी त्यांनी मोकाशींची 'आमोद सुनांसि आले' ही कथा वाचावी. तरुण मुलगा गमावलेला रामजी, पावसाची झड, आणि अडलेली गाय, एवढ्या सामग्रीवर ती उभी आहे. पोथीतून जे सांत्वन त्याला सापडत नाही ते वासराला जगात आणताना हातांना सापडते. सुमित्रा भावे यांनी या कथेवरून 'दिठी' हा चित्रपट केला. २०२१ साली तो लोकांपुढे येण्याच्या काही दिवस अगोदरच त्यांचे निधन झाले. रामजीचे काम करणाऱ्या किशोर कदम यांनीच 'आनंद ओवरी'चा एकपात्री प्रयोगही अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर केलेला आहे. 'पालखी' वाचणाऱ्यास तर मोकाशी वारकऱ्यांबरोबर पायी चालताना भेटतात. श्रद्धा पुरी नाही आणि अश्रद्धाही पुरी नाही, अशा मनाने ते चालतात, पाय दुखल्याचे लिहितात, आणि शेजारी चालणाऱ्याचा अपमान कधी करीत नाहीत. फिलिप एंगब्लॉम यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

हलक्या आवाजाच्या लेखकावरून माणसे का भांडतात, याचे आम्हांस सुचलेले उत्तर असे. मोठ्या आवाजाचा लेखक आपल्याला काय वाटावे ते सांगून टाकतो. ते पटले नाही तर आपण त्याच्याशी भांडतो आणि विसरतो. मोकाशी जागा रिकामी ठेवतात. त्या जागेत प्रत्येक वाचक आपले हरवलेले माणूस आणून बसवितो. मग तो भांडतो तो पुस्तकाशी नव्हे. त्या संध्याकाळी आमच्या ओसरीत रडलेल्या बाईंचे दोन दिवसांचे बाळ पूर्वी गेले होते आणि त्याला बाप्तिस्मा मिळाला नव्हता, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. लोंबकळत ठेवलेली गोष्ट त्यांना का सोसवली नसेल, ते तेव्हा समजले.

माय १९९४ साली गेली. शेवटपर्यंत तिने भाऊंचे ताट वाढले नाही आणि उचलूनही ठेवले नाही. ते मांडणीवर पालथे असे. वहिनींनी न्यायालयाचा मार्ग धरला नाही. आम्ही वाटणीचा कागद रद्द करून विहिरीकडची जमीन त्यांच्या नावे लिहून दिली. ती आमच्याच नावावर असल्यामुळे त्यास कोणा मृत्यूच्या दाखल्याची गरज पडली नाही. अर्धी खते परत करण्यास आम्हांस इतकी वर्षे लागली. कागद त्यांच्या हाती दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते हे घेऊन काय करतीन? पण ठेवते."

वहिनी २०१६ साली प्रभूकडे गेल्या. दफनविधीच्या नोंदवहीत पतीचे नाव लिहावयाचे होते. पूर्वीचे फादर केव्हाच बदलून गेले होते. नव्या तरुण फादरांनी लेखणी थांबवून विचारले, "पत्नी लिहू की विधवा?" आमच्या मुलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हटले, "पत्नी लिहा, फादर. तेवढे आम्हांस माहीत आहे." त्यांनी तसे लिहिले.

भाऊ असतील तर आज ऐंशीच्या आसपास असतील. दरवर्षी नोव्हेंबरात त्यांच्या नावाने मिस्सा होते आणि वेदीवरून केवळ नाव उच्चारले जाते. वाचनालयाची ती जुनी प्रत फाटली, तेव्हा आम्ही पुण्याहून नवी मागविली. ज्यांना हवी असेल त्यांनी आमच्या घरून न्यावी; परत करण्याची घाई नाही.